सोपी गाडी

काही यंत्रं एकदम बंद पडतात. वायर तुटते, प्लग जातो, गाडी जागच्या जागी उभी राहते, आणि निदान काहीतरी झालंय एवढं तरी कळतं. काही यंत्रं मात्र रुसतात. रोज थोडी थोडी. काल चढ चढताना जेवढा दम होता त्यापेक्षा आज किंचित कमी, उद्या आणखी किंचित. नक्की कधी बिघडलं ते कुणालाच सांगता येत नाही. पेट्रोलवर चालणारी गोल्फ कार्ट या दुसऱ्या जातीची.

गोल्फ कार्ट आपण बहुतेकांनी पाहिलेली असते ती बॅटरीवरची. मोठ्या इस्पितळाच्या आवारात, प्राणिसंग्रहालयात, किंवा एखाद्या रिसॉर्टमध्ये सामानासकट पाहुण्यांना खोलीपर्यंत सोडणारी. अमेरिकेत मात्र पेट्रोलवरच्या कार्टही भरपूर, आणि त्या फक्त गोल्फच्या मैदानावर नसतात. जॉर्जिया राज्यातल्या पीचट्री सिटी नावाच्या गावात तर कार्टसाठी वेगळ्या वाटांचं जाळंच आहे, शंभराहून जास्त मैलांचं. लोक दुकानात कार्टने जातात, मुलं शाळेत कार्टने जातात. म्हाताऱ्या माणसांना, ज्यांचे गुडघे गेलेत त्यांना, ज्यांना मोटार चालवायची भीती वाटते त्यांना ही गाडी म्हणजे घराबाहेर पडण्याची सोय. ती रुसली की त्या माणसाचं जग अंगणापुरतं होतं. तेव्हा हा विषय दिसतो तितका हौशी नाही.

या गाडीला पायाशी दोनच पेडल. एक चालायचं, एक थांबायचं. क्लच दाबायचा नाही, गिअर बदलायचे नाहीत. सीटजवळ एक दांडी असते ती फक्त पुढे की मागे एवढं विचारते. पाय उचलला की इंजिनसुद्धा बंद होतं आणि पेडल पुन्हा दाबलं की स्टार्टर ते फिरवतो आणि गाडी चालू लागते. इतकं सोपं, की बिघाड झाल्यावर माणूस गोंधळतो. क्लच दिसतच नाही, तर तो बिघडलाय हे सुचणार कसं? मग कार्बोरेटर उघडला जातो, प्लग बदलला जातो, पेट्रोलला दोष दिला जातो. आणि गाडी तशीच रडत राहते.

खरं तर पहिला निवाडा कानाने करायचा असतो. चढावर इंजिन गुदमरतंय आणि त्याच्याबरोबर गाडीही मंदावतेय, तर दोष इंजिनात शोधावा. पण इंजिन मोकळ्या गळ्याने ओरडतंय आणि गाडी मात्र ओढत नाहीये, तर इंजिन निर्दोष आहे. ते तयार करत असलेली ताकद वाटेत कुठेतरी सांडतेय. आणि वाटेत काय आहे? दोन पुल्या आणि एक बेल्ट. बस्स.

या दोन पुल्या आणि एका बेल्टला शंभराहून जास्त वर्षांचा इतिहास आहे, आणि तो मोठा गमतीचा आहे. कारण या युक्तीवर दोन अगदी उलटे आरोप झाले. कधी म्हटलं गेलं की ही वापरणं म्हणजे लबाडी. कधी म्हटलं गेलं की ही वापरणं म्हणजे दुबळेपणा. लबाडी आणि दुबळेपणा हे दोन्ही एकाच वस्तूचे दोष कसे असतील असा प्रश्न कुणाला पडलेला दिसत नाही. असो.

आधी युक्ती काय ते पाहू. इंजिनाची एक अडचण असते. फार हळू फिरलं तर त्यात दम नसतो आणि फार वेगात फिरवलं तर ते फुकट झिजतं. गाडी जागेवरून हलवताना चाकाच्या एका फेऱ्याला इंजिनाचे पुष्कळ फेरे लागतात, वेग घेतल्यावर थोडे पुरतात. हा हिशोब आपण गिअरने जमवतो: पहिला, दुसरा, तिसरा. म्हणजे जिन्याच्या पायऱ्या. पण जिन्याऐवजी उतरण ठेवता येईल का? समजा, एका पुलीच्या दोन तबकड्या तिरप्या आहेत, बशा पाठीला पाठ लावून ठेवाव्यात तशा, आणि त्यांच्यामधल्या खाचेत बेल्ट बसलाय. तबकड्या जवळ आणल्या तर बेल्ट कडेकडे वर चढेल, म्हणजे पुली मोठी झाली. तबकड्या लांब नेल्या तर बेल्ट आत बुडेल, म्हणजे पुली लहान झाली. अशा दोन पुल्या घ्या, एक इंजिनावर आणि एक चाकांकडे. बेल्टची लांबी ठरलेली असल्यामुळे एक मोठी होताना दुसरीला लहान व्हावंच लागतं. गिअर बदलला, पण खटका न लागता. पायरीच नाही.

१९०८ साली इंग्लंडमध्ये झेनिथ कंपनीच्या मोटारसायकलवर फ्रेडी बार्न्स या अभियंत्याची ‘ग्राड्युआ’ नावाची अशीच रचना आली. पेट्रोलच्या टाकीवर कॉफी दळायच्या यंत्राला असतो तसा एक दांडा होता. तो फिरवला की इंजिनाची पुली लहानमोठी व्हायची, आणि बेल्ट ढिला पडू नये म्हणून त्याच दांड्याने अख्खं मागचं चाक पुढेमागे सरकायचं! त्या काळी बहुतेक मोटारसायकलींना एकच गिअर असे. चढावरच्या शर्यतीत बाकीचे स्वार उतरून गाडी ढकलत असताना झेनिथवाला दांडा फिरवत वर. साहजिकच ओरड झाली आणि एकाच गिअरच्या गटातून झेनिथला काही स्पर्धांमध्ये मनाई झाली. कंपनी बहाद्दर. तिने गजांआड अडकलेली मोटारसायकल हेच आपलं बोधचिन्ह केलं आणि खाली लिहिलं: ‘मनाई’. हा पहिला आरोप, लबाडीचा. रज कंपनीनेही थोड्याच वर्षांत ‘मल्टी’ नावाने या तत्त्वाची आपली आवृत्ती काढली, आणि १९१४ मध्ये आइल ऑफ मॅनची मोठी शर्यत सिरिल पुलिनने रजवरूनच जिंकली.

मग ही युक्ती मागे का पडली? बेल्टमुळे. पावसात तो सरकायचा, ताणला जायचा, तुटायचा. दात्यांच्या गिअरपेटीला पावसाचं सोयरसुतक नव्हतं, म्हणून ती जिंकली.

आजच्या कार्टचा पहिला धडा या जुन्या मोटारसायकलींकडूनच घ्यायचा. या साऱ्या खेळात दात नाहीत, साखळी नाही, फक्त घर्षण आहे. तबकडीच्या तिरप्या पृष्ठभागाने बेल्टची कड धरायची, एवढ्यावर सगळी भिस्त. त्या पृष्ठभागावर इंजिनातून गळलेलं तेल आलं, पावसाळ्यानंतर गंज चढला, किंवा वर्षानुवर्षं एकाच जागी घासून खळगा पडला, की पकड गेली. तबकड्या स्वच्छ पुसून, बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासून पाहाव्यात. आणि तिथे वंगण मारण्याचा मोह आवरावा. किरकिर ऐकली की तेल सोडायचं ही आपली जुनी सवय, दाराच्या बिजागरीपासून लागलेली. इथे ती गाडीचा घात करते.

बेल्टचा प्रश्न सुटायला रबर लागलं. १९१७ साली अमेरिकेत डेन्व्हरच्या जॉन गेट्सने दोरखंडाच्या आणि कातड्याच्या पट्ट्यांऐवजी रबर आणि कापडाचा, तिरप्या कडांचा बेल्ट काढला. इंग्रजी व्ही अक्षरासारखा छेद असलेला. पाचरीसारखा तो खाचेत रुतून बसतो. पिठाच्या गिरणीत, विहिरीवरच्या पंपावर, मोटारीच्या पंख्यावर आपण आयुष्यभर पाहिलेला बेल्ट तो हाच.

कार्टमधला बेल्ट याचाच रुंद भाऊ. तो मरतो तोही हळूच. सतत सरकत राहिला तर त्याच्या कडा तापून काचेसारख्या गुळगुळीत होतात, मग तो आणखी सरकतो. जळक्या रबराचा वास येतो. गाडी अडकून पडलेली असताना पेडल दाबून धरलं तर एकाच जागी भाजल्यासारखा खड्डा पडतो आणि मग चालताना प्रत्येक फेऱ्याला ठक्क ठक्क जाणवतं. पण सगळ्यांत फसवी खोड म्हणजे रुंदी. वापरून वापरून बेल्ट अरुंद होतो. दिसायला ठणठणीत, एक चीर नाही. पण अरुंद झालेला बेल्ट दोन्ही पुल्यांमध्ये मूळ जागेपेक्षा खोल बसतो. म्हणजे निघताना चाकाकडची पुली हवी तेवढी मोठी होत नाही, आणि वेगात असताना इंजिनाकडची पुली हवी तेवढी मोठी होत नाही. सुरुवातीचा जोरही गेला आणि शेवटचा वेगही गेला. नव्या बेल्टपेक्षा तीनएक मिलिमीटरने रुंदी कमी भरली तर तो बदलावा, मग तो कितीही देखणा दिसो. पाच मिनिटांचं माप. ते न घेता लोक इंजिन उघडून बसतात.

बार्न्सच्या गाडीत दांडा माणूस फिरवत होता. तो दांडा यंत्रानेच फिरवावा ही पुढची पायरी. १९३० च्या दशकाच्या शेवटी कॅलिफोर्नियातल्या फॉस्टर सॉल्सबरीच्या ‘मोटर ग्लाइड’ स्कूटरवर ती दिसली: आपोआप बदलणारी पुली. १९४७ मधल्या त्याच्या मोठ्या स्कूटरला पायाशी दोनच पेडल होते, एक पळण्याचं आणि एक थांबण्याचं. ओळखीचं वाटतंय ना? सॉल्सबरी काळाच्या पुढे होता, पण बाजार इटलीच्या हातात गेला. व्हेस्पा आली १९४६ मध्ये, लॅम्ब्रेटा १९४७ मध्ये, आणि दोघींनी गिअर चालवणाऱ्याच्या हातात ठेवले. आपल्या नशिबात त्यामुळे डाव्या मुठीतले गिअर आले, आणि १९७२ पासूनच्या चेतकवर दोन पिढ्यांनी ती मूठ पिळली.

आपोआप म्हणजे कसं? गोफण आठवा. फिरवली की दगड बाहेर ओढ घेतो, जितकी जोरात तितकी जास्त. इंजिनावरच्या पुलीत अशीच लहान वजनं असतात. इंजिन वेगात फिरलं की ती बाहेर फेकली जातात आणि हलत्या तबकडीला स्थिर तबकडीकडे ढकलतात. त्यांना अडवायला एक स्प्रिंग असते. इंजिन बंद किंवा अगदी मंद असताना तबकड्या लांब असतात आणि बेल्ट मधल्या दांड्यावर नुसता सैल पडून राहतो. म्हणजे ही पुलीच क्लच आहे! गोल्फ कार्टचे मेकॅनिक तिला क्लचच म्हणतात: पुढचा क्लच आणि मागचा क्लच.

पुढचा बिघडतो दोन तऱ्हांनी. वजनांच्या आसपास धूळ आणि बेल्टची रबरी भुकटी साठली, ती झिजली किंवा अडकली, तर तबकड्या पूर्ण मिटत नाहीत. गाडी निघते बरी, पण वेग घेत नाही. इंजिन वरच्या पट्टीत ओरडत राहतं, कारण ते अजून पहिल्याच गिअरमध्ये आहे असं समजा. उलट, तबकड्या मिटलेल्या अडकल्या तर क्लच सुटतच नाही. मग पुढे-मागे करणारी दांडी खरखरते, आणि पेडल दाबताच स्टार्टर इंजिनाबरोबर अख्खी गाडी ढकलायला बघतो. गाडी हिसका देऊन निघते. लोक म्हणतात स्टार्टर गेला. स्टार्टर बिचारा दुसऱ्याचं ओझं ओढत असतो.

मागच्या क्लचचं काम आणखी नाजूक. त्याच्या तबकड्या स्प्रिंगने मिटलेल्या असतात, आणि आत तिरप्या चढणी असतात, ज्यांवर प्लॅस्टिकच्या लहान गुंड्या घसरतात. चाकांवर भार वाढला की या चढणींमुळे तबकड्या अधिक घट्ट मिटतात, बेल्ट वर चढतो आणि गाडी आपणहून खालच्या गिअरमध्ये येते. चढ लागलाय हे गाडीला पाठीने कळतं, असं म्हणा हवं तर. या गुंड्या झिजल्या किंवा स्प्रिंग थकली की बेल्ट थांबल्यावरही आत बुडालेलाच राहतो. मग गाडी निघते ती चौथ्या गिअरमध्ये निघाल्यासारखी: जड, थरथरत, धक्के देत.

आता यातलं नेमकं काय झालंय ते कसं ओळखायचं? चालू बेल्टजवळ हात नेता येत नाही, नेऊही नये. जुन्या मेकॅनिकांची एक साधी युक्ती आहे. इंजिन बंद असताना दोन्ही पुल्यांच्या तिरप्या अंगावर आतून बाहेरपर्यंत मार्करने एक रेघ ओढायची. मग गाडी एक चक्कर मारून आणायची, पूर्ण वेगाने. बेल्ट जिथपर्यंत चढला तिथपर्यंत रेघ पुसलेली असते. पुढच्या पुलीवर रेघेचा वरचा तुकडा मोठा शिल्लक राहिला असेल, तर बेल्ट माथ्यापर्यंत पोचलाच नाही. मागच्या पुलीवर बाहेरच्या कडेची रेघ शाबूत असेल, तर निघताना तो तिथे नव्हताच. यंत्राने स्वतःची दिनचर्या लिहून दिल्यासारखं. हा प्रयोग मला फार आवडतो. कसलं उपकरण नाही, आकडा नाही, फक्त पुसलेली आणि न पुसलेली रेघ.

दुसरा आरोप, दुबळेपणाचा, आला तो युरोपात. नेदरलंड्समधल्या आइंडहोव्हनला हुब फान डोर्नची डॅफ कंपनी ट्रेलर आणि ट्रक बनवायची. फेब्रुवारी १९५८ मध्ये अ‍ॅमस्टरडॅमच्या प्रदर्शनात तिने एक लहानशी मोटार दाखवली, डॅफ ६००. ५९० सीसीचं दोन सिलिंडरचं इंजिन, आणि मागे दोन रबरी बेल्ट, एकेका चाकाला एकेक. व्हेरिओमॅटिक. गिअर नाहीत, क्लच नाही. जाहिरातीत त्या छोट्या दांडीला हुशार दांडी म्हटलं जायचं. ज्यांना गिअर जमत नव्हते अशा हजारो लोकांनी ही गाडी घेतली, त्यात बायका होत्या, वयस्क होते, अपंग होते. आणि नेमक्या त्याच कारणाने तिची टिंगल झाली. डच लोकांनी तिला जे नाव ठेवलं त्याचा अर्थ साधारण ‘काकूबाईंना गदगदा हलवणारी’ असा होतो. उलट दिशेलाही ती तितक्याच वेगाने पळू शकायची, कारण पुल्यांना पुढे-मागे सारखंच. पुढे या जुन्या गाड्यांच्या उलट्या शर्यतीच लागू लागल्या. हसण्याचा विषय झाली म्हणायची.

गंमत अशी की ही हसण्यावारी नेलेली जात आपल्या मुंबईतही येऊन गेली. १९६८ ची लंडन-सिडनी मॅरेथॉन मुंबईपर्यंत रस्त्याने होती आणि तिथून एस.एस. चुसान बोटीने गाड्या ऑस्ट्रेलियाला गेल्या. त्या शर्यतीत डॅफ ५५ धावली. युरोप, तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, खैबर खिंड, आणि मग आपले रस्ते, तेही १९६८ चे. सगळं रबरी बेल्टवर. कंपनीने नंतर एका मॉडेलला ‘मॅरेथॉन’ हे नावच दिलं. काकूबाईंनी बरीच मजल मारली म्हणायची.

याच सुमारास अमेरिकेत ही युक्ती गोल्फच्या मैदानावर पोचत होती. १९५७ मध्ये केन्सासमधल्या फाउलर या छोट्या गावात वॉकर कुटुंबाने पेट्रोलवरची एक कार्ट काढली, या प्रकारातल्या अगदी सुरुवातीच्या गाड्यांपैकी एक. १९६३ पासून तर हार्ले-डेव्हिडसननेही कार्ट बनवल्या. हो, तीच हार्ले, कातडी जॅकेटवाल्यांची! तीन चाकांच्या या कार्टमध्ये दोन स्ट्रोकचं इंजिन होतं, आणि मागे जायचं असेल तर ते इंजिनच थांबून उलटं फिरू लागायचं. १९८२ पर्यंत हा उद्योग हार्लेकडे होता. ज्या कंपनीच्या नावावर मर्दानगीचं एवढं मोठं दुकान उभं आहे, तिने वीस वर्षं आजोबांसाठी बेल्टवर चालणारी गाडी बनवली. या गोष्टीची फारशी कुणी आठवण काढत नाही.

कार्टने या मांडणीत आणखी एक पहारेकरी घातला. गव्हर्नर. कार्ट ताशी १२ ते १५ मैलांच्या वर पळू नये म्हणून बहुतेक गाड्यांत तो मागच्या गिअरपेटीत बसून चाकांचा वेग मोजतो आणि वेग वाढला की कार्बोरेटरचं दार ओढून घेतो. म्हणून वेग कमी झाला की केबल आणि गव्हर्नरची मांडणीही पाहावी लागते. तसंच घासणारे ब्रेक. बेल्ट नवा, पुल्या चकचकीत, आणि ब्रेक सुटत नसेल तर सगळं व्यर्थ. आणि मागचा क्लच जोमाने फिरतोय, पण गाडी हलतच नाही असं दिसलं तर बेल्टला सोडून द्या. दोष पलीकडे आहे: गिअरपेटीत, किंवा आसाच्या टोकाला, जिथे ड्रमच्या आतले दाते झिजून गुळगुळीत झालेले असतात. एका बाजूचे दाते गेले तरी दुसरं चाक ओढत नाही, कारण ताकद नेहमी सोपी वाट पकडते. माणसांसारखीच. कार्ट कधी हलते आणि कधी धडपडते असं होत असेल तर इंजिनाखालचे माउंटिंग रबर पाहावेत. ते फाटले की इंजिन सरकतं, दोन पुल्यांमधलं अंतर बदलतं, आणि बेल्टचं सगळं गणित चुकतं.

आपल्याकडे ही युक्ती घरोघरी पोचली ती स्कूटरमधून. पुण्याच्या फिरोदियांच्या कायनेटिकने १९८४ मध्ये होंडाशी भागीदारी केली आणि इंदूरजवळच्या पीथमपूरला कायनेटिक होंडा बनू लागली. बटण दाबून चालू होणारी, गिअर नसलेली. फरक एवढाच की स्कूटरमध्ये बेल्ट सतत फिरत असतो आणि सुटणारा क्लच मागच्या चाकापाशी वेगळा असतो. कार्टमध्ये बेल्टच धरतो आणि सोडतो. बाकी तेच दोन शंकू, तीच वजनं, फक्त इथे ती रोलर म्हणून गोल. ज्यांनी ते दिवस पाहिलेत त्यांना आठवत असेल, ‘बायकांची गाडी’ म्हणून तिला किती नाकं मुरडली गेली. गॅरेजवाल्यांनाही ती नको असायची. पिकअप गेला म्हणून कार्बोरेटर साफ करून मिळायचा, आणि चेपलेले रोलर आत तसेच. १९९८ मध्ये ती भागीदारी संपली, २००१ मध्ये अ‍ॅक्टिवा आली, आणि मग काय झालं ते पुण्याच्या कुठल्याही चौकात उभं राहिलं तर दिसतं. तोंडाला स्कार्फ बांधून कॉलेजला निघालेल्या मुली, पायाशी पिशवी ठेवून मंडईतून परतणाऱ्या आज्या, आणि नाकं मुरडणारे तेच काका, आता त्याच गाडीवर. कितीतरी बायकांना घरातल्या पुरुषाची वाट न बघता बाहेर पडता आलं, त्यात या बेल्टचा वाटा मोठा आहे असं मला वाटतं.

लबाडीचा आरोपही मध्येच पुन्हा उठला. १९९३ मध्ये विल्यम्स संघाने फॉर्म्युला वनच्या गाडीत हीच रचना, अर्थात धातूच्या पट्ट्याची, बसवून चाचणी घेतली. फान डोर्नच्या नावाने चालणाऱ्या कंपनीचं तंत्र, आणि चालवणारा डेव्हिड कुल्टहार्ड. वळणावर, सरळ रस्त्यावर, इंजिन एकाच सुरात. १९९४ च्या नियमांनी तिला दार बंद केलं. झेनिथच्या गजांआडच्या मोटारसायकलला पाऊण शतकाहून जास्त काळाने सोबत मिळाली.

आणि मग २००१. केसी मार्टिन हा अमेरिकन गोल्फपटू. त्याच्या उजव्या पायात जन्मजात रक्ताभिसरणाचा विकार, चालणं म्हणजे वेदना आणि हाड मोडायची भीती. त्याने स्पर्धेत कार्ट वापरू देण्याची मागणी केली. पीजीए टूर म्हणाली, चालणं हा खेळाचा भाग आहे, कार्ट म्हणजे अन्याय्य फायदा. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि २९ मे २००१ रोजी सात विरुद्ध दोन मतांनी निकाल लागला. १९९० च्या अपंगांसाठीच्या कायद्यानुसार त्याला कार्ट मिळाली पाहिजे. न्यायालयाचं म्हणणं साधं होतं: गोल्फचा गाभा चेंडू मारण्यात आहे, चालण्यात नाही.

मला हा निकाल या साऱ्या इतिहासाच्या शेजारी ठेवावासा वाटतो. एखादं काम सोपं करणारी वस्तू आली की आपण आधी विचारतो, मग यात कौशल्य ते काय राहिलं? पण तिच्यातलं अवघड गेलेलं नसतं. बार्न्सच्या हातातला दांडा वजनांमध्ये गेला, वजनांमधून बेल्टच्या कडांमध्ये गेला, आणि बेल्ट झिजला की ते सगळं मेकॅनिकच्या पुढ्यात येऊन पडतं. चालवणाऱ्याचे कष्ट वाचले ते कुणीतरी उचलले म्हणून. म्हणून सोप्या गाडीला चांगला मेकॅनिक जास्त लागतो, कमी नाही. आणि त्याला थोडा इतिहास ठाऊक असला तर बरं, कारण दिसत नाही तो क्लच कुठे लपवलाय ते त्याला शोधायचं असतं.

तुमच्या ओळखीत कुणा आजोबांची कार्ट, किंवा मावशींची स्कूटर, ‘वय झालं तिचं’ म्हणून कोपऱ्यात उभी असेल, तर एकदा बेल्टची रुंदी मोजून पाहा. बहुतेक वेळा वय गाडीचं झालेलं नसतं.